पोटॅशियम वाढलं की मॅग्नेशियम का रुसतं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात खतांबद्दल लिहिताना मी एक वाक्य जाता जाता टाकलं होतं की एका अन्नद्रव्याचा अतिरेक झाला की दुसऱ्याची उपासमार होते. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक होते ते कापलेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, पालाश (म्हणजे पोटॅशियम) भरपूर दिल्यावर माझ्या झाडांची खालची पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच. मॅग्नेशियम कमी पडलंय म्हणतात. पण माती तपासणीत तर ते चांगलं आलंय! मग ते गेलं कुठे? आणि उलटं, मॅग्नेशियम जास्त झालं तर पालाश अडतो का?

कुठेही गेलं नाही, मातीतच आहे, झाडात चढत नाहीये एवढंच. लक्षण बरोबर ओळखलंय तुम्ही. मॅग्नेशियम झाडात इकडून तिकडे हलतं, तुटवडा आला की जुन्या पानांतून काढून नव्याला दिलं जातं, म्हणून खालची पानं आधी पिवळी.

आता कारण. त्यासाठी आधी विजेबद्दल बोलावं लागेल, हो, विजेबद्दलच. मुळाच्या प्रत्येक पेशीच्या पटलावर, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यावर, प्रोटॉन पंप असतात, ते ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण) सतत बाहेर ढकलत बसतात आणि त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण राहते, साधारण उणे १२० ते उणे १८० मिलिव्होल्ट, कधी त्याहूनही खाली. धनभार असलेल्या आयनांना आत ओढणारी ताकद ती हीच. पोटॅशियमसारख्या एक भार असलेल्या आयनासाठी हिशोब असा की दर ५९ मिलिव्होल्टला दहापट, म्हणजे उणे १८० ला पोटॅशियम आत जवळपास हजारपट साठू शकतं. मातीच्या पाण्यात ते असतं ०.१ ते १ मिलिमोलर (पाण्यात किती विरघळलंय ते मोजायचं एकक) आणि पेशीरसात १०० च्या आसपास, म्हणजे आकडे जुळतात बघा.

गोम अशी की हा व्होल्टेज सगळ्या धनभारित आयनांचा सामाईक आहे. पोटॅशियमची वाट वेगवान, बाहेर ते भरपूर झालं की धडाधड आत येतं, प्रत्येक आयन एकेक धनभार घेऊन येतो आणि आतला ऋणपणा कमी होतो, मग मॅग्नेशियमला ओढायला जोर कमी उरतो. त्यात मॅग्नेशियम मुळातच अवघड गडी. नुसता आयन अगदी बारीक, त्रिज्या ०.०७२ नॅनोमीटर, पोटॅशियमच्या जवळपास निम्मी, पण अंगाभोवती पाण्याचे ६ रेणू असे घट्ट धरून ठेवतो की पाण्यासकट मोजलं तर तोच मोठा भरतो. ते पाणी उतरवणं महाग आणि हळू काम. शिवाय बऱ्याच प्रयोगांत असं दिसलंय की मुळात शिरलेलं मॅग्नेशियमसुद्धा पोटॅशियम जास्त असलं की वर पानांकडे कमी जातं, म्हणजे अडथळा फक्त दारातच नाही, पुढेही आहे.

उलटं मात्र फारसं होत नाही, कारण पोटॅशियमची वाहक प्रथिनं मॅग्नेशियमला जवळपास ओळखतच नाहीत. हे भांडण एकतर्फी आहे. तुम्ही पालाश काही काळ थांबवा, मॅग्नेशियम सल्फेटची पानांवर फवारणी करा म्हणजे मुळाचा रस्ताच टाळला जातो. मातीत आणखी मॅग्नेशियम ओतून पालाशला हरवायच्या फंदात पडू नका, त्याने कॅल्शियमची पंचाईत व्हायची.

प्रश्न : शाळेत आम्हाला शिकवलं होतं की मूळ म्हणजे चाळण, लहान कण आत मोठे बाहेर. मग सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान असून कमी का जातं?

चाळणीची उपमा सोडून द्या, तुमच्या प्रश्नानेच ती मोडली. सोडियमची त्रिज्या ०.१०२ नॅनोमीटर, पोटॅशियमची ०.१३८, म्हणजे लहान अडतो आणि मोठा जातो. का, ते रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या पोटॅशियम चॅनेलची, म्हणजे पटलातल्या पोटॅशियमच्या बोगद्याची, रचना उलगडली तेव्हा स्पष्ट झालं (२००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते चॅनेलवरच्या कामासाठीच). चॅनेलच्या सगळ्यात अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेत की पाणी उतरवलेल्या पोटॅशियमला ते चहूबाजूंनी बरोबर धरतात, म्हणजे पाणी सोडल्याचं नुकसान तिथेच भरून निघतं. सोडियम त्या जागेत सैल बसतो, नुकसान भरून निघत नाही, म्हणून तो बाहेर आपलं पाणी धरून बसणं पसंत करतो. वनस्पतींच्या पोटॅशियम चॅनेलमध्ये याच भागात अमिनो आम्लांची तीच ओळखीची जुळणी सापडते.

पण हे सगळं पेशीच्या पटलावर. पटल न ओलांडता, दोन पेशींच्या मधल्या भिंतींतून पाझरत पाणी आणि आयन मुळात बरेच आत येऊ शकतात, तिथे निवड जवळजवळ नाहीच. ती वाट बंद होते ती आतल्या एका थरात, अंतस्त्वचेत. तिथे प्रत्येक पेशीभोवती लिग्निनची पट्टी असते, कॅस्पॅरियन पट्टी, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कास्पारी यांच्या नावावरून, त्यांनी १८६५ मध्ये तिचं वर्णन केलं. पट्टीमुळे पुढे जायचं तर एकदा तरी जिवंत पेशीच्या पटलातून जावंच लागतं. मुळाच्या अगदी कोवळ्या टोकाला ही पट्टी अजून तयार झालेली नसते आणि जिथून उपमुळं फुटतात तिथे ती फाटते, म्हणून गळती ही असतेच.

आणि एक भन्नाट गोष्ट, अंतस्त्वचेवर सुबेरिन नावाचा मेणचट थर पण चढतो आणि तो झाड गरजेप्रमाणे वाढवतं किंवा कमी करतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की पोटॅशियम किंवा गंधक कमी पडलं तर सुबेरिन वाढतं आणि लोह, जस्त किंवा मँगनीज कमी पडलं तर घटतं. म्हणजे भिंतसुद्धा कायमची नाही. हे वाचल्यावर मला स्वतःला मुळाकडे बघायची नजर बदलावी लागली.

प्रश्न : अमोनियमवालं खत दिलं की पालाश कमी लागू होतो असं ऐकलंय. खरं का? नायट्रेट दिलं तर चालतं का?

खरं आहे, पण अर्धंच. अमोनियम आणि पोटॅशियम दोघांवर एक धनभार, आकारही जवळ जवळ सारखा, त्यामुळे गफलत होतेच.

एकाच जागेसाठी आयन भांडतात हे नीट मोजून दाखवलं ते एमॅन्युएल एप्स्टाइन आणि हेगन यांनी, १९५२ मध्ये, बार्लीची तोडलेली मुळं किरणोत्सारी रुबिडियमच्या द्रावणात बुडवून. रुबिडियम हा पोटॅशियमचा रासायनिक भाऊ. द्रावणात पोटॅशियम किंवा सीझियम टाकलं की रुबिडियम कमी घेतलं जायचं, लिथियम टाकलं तर फरक नाही, आणि सगळ्याचे आलेख एन्झाइमच्या आलेखासारखे, म्हणजे जागा मोजक्या आहेत आणि भरल्या की भरल्या. पुढे असंही कळलं की यंत्रणा एक नाही, दोन आहेत, एक पोटॅशियम अगदी कमी असताना चालणारी आणि दुसरी साधारण १ मिलिमोलरच्या वर जोर धरणारी.

आज त्यांना नावं आहेत. एचएके-५ हे दुर्भिक्षातलं ट्रान्सपोर्टर, म्हणजे आयन पटलापलीकडे वाहून नेणारं प्रथिन, ते प्रोटॉनच्या जोरावर पोटॅशियम खेचतं. एकेटी-१ हे चॅनेल, १९९२ मध्ये सापडलं. आता मजा बघा, अमोनियम एचएके-५ ला अडवतं पण एकेटी-१ ला जवळपास नाही. म्हणून एकेटी-१ बिघडवलेली रोपं कमी पोटॅशियममध्ये वाढवली तर अमोनियम नसताना बऱ्यापैकी वाढतात आणि अमोनियम घातलं की रडतात. तुमच्या दृष्टीने अर्थ असा की मातीत पालाश पुरेसा असेल तर अमोनियमने फार बिघडत नाही, पालाश आधीच तळाला गेला असेल तर बिघडतं.

नायट्रेट चालतं. ते ऋणभारित, त्याची जागा वेगळी, उलट पोटॅशियमला सोबत मिळते कारण भारांचा हिशोब जमतो. फक्त सामूवर (पीएचवर) लक्ष ठेवा, अमोनियम घेताना मूळ प्रोटॉन बाहेर टाकतं आणि मुळाजवळची माती आम्ल होते, नायट्रेट घेताना उलट.

प्रश्न : लोह कमी म्हणून पानांची तपासणी केली तर जस्त आणि मँगनीज जास्त आलं. मी दोन्ही टाकलेलं नाही, लॅबने घोळ घातला का?

लॅबवर शंका घ्यायच्या आधी आयआरटी-१ ला भेटा. हे लोहाचं ट्रान्सपोर्टर, १९९६ मध्ये ओळखलं गेलं, आणि खरं सांगायचं तर ते फार चोखंदळ नाही. लोहाबरोबर जस्त, मँगनीज, कोबाल्ट, आणि कॅडमियमसुद्धा आत घेतं. लोह कमी पडलं की झाड घाबरून आयआरटी-१ भरपूर बनवतं, मातीत लोह विरघळलेलं नसतंच (सामू १ ने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता हजारपटीने घटते) मग त्या रिकाम्या जागांवरून बाकीचे धातू घुसतात. म्हणजे तुमचा रिपोर्ट लोहाच्या उपासमारीची सहीच आहे. गवताच्या कुळातल्या झाडांचं तंत्र वेगळं, ती लोह पकडून आणणारे रेणूच मातीत सोडतात आणि लोहासकट परत घेतात, त्यामुळे त्यांच्यात हे चित्र असंच दिसेल असं नाही.

पण झाड इतकंही भोळं नाही, आणि इथे या सगळ्या विषयातला माझा आवडता भाग येतो. आयआरटी-१ च्या पेशीच्या आतल्या बाजूला हिस्टिडिनने भरलेला एक पट्टा असतो, आत जस्त, मँगनीज वगैरे जास्त झालं की ते तिथे चिकटतं, मग सीआयपीके-२३ नावाचं काइनेझ येऊन त्यावर फॉस्फेट लावतं, त्या खुणेवरून दुसरं प्रथिन त्याला मोडीत काढायचं लेबल लावतं आणि आयआरटी-१ पटलावरून उचलून पेशीच्या रिक्तिकेत (पेशीच्या आतल्या साठवणीच्या पिशवीत) पाठवून मोडलं जातं. म्हणजे ट्रान्सपोर्टर स्वतःच मोजतो की आपण काय नको ते आत आणतोय. हे २०१८ मध्ये समोर आलं.

आता हे सीआयपीके-२३ लक्षात ठेवा, कारण पोटॅशियम कमी पडलं की एकेटी-१ ला चालू करतं तेच (२००६), एचएके-५ ला पण तेच. नायट्रेटचं एक ट्रान्सपोर्टर आहे एनआरटी-१.१, ते नायट्रेट वाहतं पण आणि त्याची पातळी ओळखतं पण, मुबलक असेल तर ढिलं पकडतं आणि दुर्मिळ असेल तर घट्ट, हा गिअर बदलतो एका जागी फॉस्फेट लागल्यावर आणि तो लावतं पुन्हा सीआयपीके-२३ (२००९). आणि अमोनियम विषारी होईल इतकं झालं की त्याचं दार बंद करण्यातही हाच हात. अमोनियमचं ट्रान्सपोर्टर तीन तुकड्यांचं असतं, एकाला फॉस्फेट लागला की तिन्ही बंद पडतात, त्यामुळे बंद करणं झटकन होतं. चार वेगळी अन्नद्रव्यं आणि एकच हात कुठे उघडतोय कुठे मिटतोय. म्हणून एखादं अन्नद्रव्य वाढवलं आणि दूरचं काहीतरी बिघडलं तर त्याला नेहमी दारातली धक्काबुक्कीच कारण असते असं समजू नका, कधी आतला कारभारच बदललेला असतो.

प्रश्न : झाडाला मेंदू नाही. मग नत्र हवं की नको हे मुळाला सांगतं कोण?

पानं सांगतात, मुळाने विचारल्यावर. एकाच रोपाची मुळं दोन भांड्यांत वाटून एकात नायट्रेट द्यायचं आणि दुसऱ्यात नाही, असा जुना प्रयोग आहे. नायट्रेटवाली मुळं नेहमीपेक्षा जास्त शोषायला लागतात, उपाशी भावंडांची भरपाई करतात. २०१४ मध्ये कळलं की उपाशी मुळं सीईपी नावाचे छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखेच पण बारके रेणू, वर पाठवतात, पानांतले रिसेप्टर ते ओळखतात, आणि नंतर कळलं की पानांकडून उलटा निरोप खाली येतो. निरोप सगळ्या मुळांना जातो पण काम तिथेच वाढतं जिथे नायट्रेट हाताशी आहे. छान सोय आहे.

प्रश्न : पाणी खारट आहे. कॅल्शियम दिलं तर सोडियम कमी घुसतं म्हणतात, पण सोडियम आत गेलंच तर झाड काय करतं?

कॅल्शियमचा उपयोग होतो आणि ही गोष्ट जुनी आहे. फ्रँक व्हिएट्स यांनी १९४४ मध्ये बार्लीच्या मुळांवर दाखवलं की बाहेर कॅल्शियम असलं तर पोटॅशियमचं शोषण वाढतं. पटल शाबूत राहतं, आणि सोडियम ज्या सैल चॅनेलमधून घुसतं त्यातले बरेचसे कॅल्शियमने अंशतः बंद होतात.

तरीही घुसतंच. मग पहिलं काम बाहेर फेकणं. मीठ वाढलं की पेशीत कॅल्शियमचा इशारा उठतो, एसओएस-३ नावाचं प्रथिन तो ओळखतं, एसओएस-२ ला कामाला लावतं आणि एसओएस-१ नावाचं ट्रान्सपोर्टर प्रोटॉन आत घेऊन सोडियम बाहेर टाकतं. जे उरलं ते रिक्तिकेत कोंडायचं. आणि जे वर निघालंय ते जलवाहिनीतूनच परत काढून घ्यायचं, हे काम एचकेटी कुळातली प्रथिनं करतात. गव्हाच्या एका रानटी नातेवाइकातलं असं जनुक ड्युरम गव्हात आणल्यावर खारट जमिनीत उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढलं, हे २०१२ चं ऑस्ट्रेलियातलं काम.

पण या सगळ्याला ऊर्जा लागते आणि ऊर्जेला मुळाशी हवा. वाफसा नसेल, पाणी साचलेलं असेल तर पंप मंदावतात, व्होल्टेज पडतो आणि निवड करण्याची ताकदच जाते. खारट पाणी अधिक साचलेली जमीन, ही जोडी नुसत्या खारटपणापेक्षा कितीतरी वाईट. तुम्ही कॅल्शियमच्या आधी निचरा बघा.

प्रश्न : आर्सेनिक झाडाला नको असतं तर ते घेतंच का?

फसतं म्हणून. आर्सेनेट आणि फॉस्फेट दिसायला, भाराला इतके सारखे की फॉस्फेटचे ट्रान्सपोर्टर दोघांना घेतात. पाणी तुंबलेल्या जमिनीत आर्सेनिकचं रूप बदलतं, आर्सेनाइट होतं, त्यावर नेहमीच्या सामूला भारच नसतो (म्हणजे काटेकोरपणे तो आयनही नाही) आणि तो सिलिकॉनच्या वाटेने जातो. भाताच्या मुळातलं हे सिलिकॉनचं प्रथिन, एलएसआय-१, २००६ मध्ये सापडलं आणि दोनच वर्षांत दिसलं की आर्सेनाइटही तिथूनच शिरतं.

उपाय झाडांकडे आहेत. दूषित जागी वाढणाऱ्या एका गवतात असं दिसलं की त्याने फॉस्फेटची जोरदार शोषणयंत्रणाच दाबून टाकली, थोडं फॉस्फेट कमी मिळालं तरी चालेल पण विष नको. दुसरं, आत आलेल्या आर्सेनेटचं आर्सेनाइट करून परत मातीत सोडणं. मग स्फुरद (फॉस्फेटवालं खत) टाकून आर्सेनिक अडवता येईल का, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच. पाण्यातल्या प्रयोगात येतं. मातीत मात्र तेच फॉस्फेट मातीच्या कणांना चिकटलेलं आर्सेनेट सोडवून मोकळं करतं, म्हणून डोळे मिटून करू नका.

प्रश्न : टोमॅटोच्या टोकाला काळा डाग, म्हणजे पालाशने कॅल्शियम अडवलं ना?

थोडा हात असू शकतो, पण मी आधी पाणी बघेन. कॅल्शियम वर जातं ते जवळजवळ फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर आणि पानं जास्त पाणी उडवतात, फळं कमी. पाणी कधी भरपूर कधी काहीच नाही असं झालं की फळाच्या टोकाला ते पोचत नाही. शिवाय ते शिरतं मुख्यतः कोवळ्या पांढऱ्या मुळीतून, ती मेली असेल तर मातीतलं कॅल्शियम नुसतं बघत बसा.

प्रश्न : बाणाबाणांचा एक तक्ता फिरतो, कोण कोणाला अडवतं त्याचा. आणि कॅल्शियम ६५ टक्के, मॅग्नेशियम १०, पोटॅशियम ५ हे आदर्श प्रमाण. यावर विश्वास ठेवायचा का?

तक्ता वाईट नाही, पण त्यात किती प्रमाणावर, कोणत्या रूपात आणि अडथळा नक्की कुठे यातलं काहीच नसतं. स्फुरद आणि लोह यांच्यातला बाण बऱ्याचदा मातीतच किंवा मुळाच्या पृष्ठभागावर एकमेकांना बांधून बसण्याचा असतो, पोटॅशियम-मॅग्नेशियमचा बाण पटलावरचा आणि पुढच्या वाहतुकीचा, आर्सेनेट-फॉस्फेटचा खरा एकाच जागेचा. तिन्ही बाण कागदावर सारखेच दिसतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

६५-१०-५ हे आकडे १९४० च्या दशकात अमेरिकेत पुढे आले, मातीच्या कणांवर धरून ठेवलेल्या धनभारित आयनांच्या वाटणीबद्दल. नंतरच्या कामात दिसलं की प्रत्येकाची मात्रा पुरेशी असेल तर हे प्रमाण बरंच इकडेतिकडे झालं तरी पिकाला फारसा फरक पडत नाही, आणि ते कारण वर आलंच, मूळ प्रमाण बघून घेत नाही, गरज आणि हाताशी काय आहे ते बघून आपली दारं बदलतं. मी तरी प्रमाण साधायला खतावर पैसे घालणार नाही. आधी बघा की प्रत्येक अन्नद्रव्य किमान पातळीच्या वर आहे का, मग बघा की एखादं अफाट जास्त तर नाही, आणि शंका राहिली तर मातीबरोबर पानांचीही तपासणी करा, कारण मातीचा रिपोर्ट फक्त बाहेर काय आहे ते सांगतो.